वेबपानावरचं मराठी गुळगुळीत कसं करायचं: सुरुवात शिरोरेषेपासून

एका दिवाळी अंकाची वेब-आवृत्ती मी बनवून दिली होती. अंक चढवला त्याच संध्याकाळी संपादकांचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं मोजकं. "मजकूर उत्तम आहे हो, पण अक्षरं उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतायत." मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं, सगळं तुळतुळीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन त्यांचा लॅपटॉप उघडला आणि मुकाट्याने मान खाली घातली. शिरोरेषा जागोजागी तुटलेली, मथळ्यांवरचे अनुस्वार अर्धे कापलेले, ठळक अक्षरांच्या पोटात शाई साचल्यासारखी. अंकासाठी निवडलेला फॉन्ट माझ्या मशीनवर आधीपासून बसवलेला होता, म्हणून मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. सर्व्हरवरून तो वाचकांपर्यंत जातच नव्हता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक मराठी साइटवर एका ठरावीक क्रमाने काम करतो. तोच क्रम खाली दिला आहे. स्टाइलशीटमधल्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीतल्या, गुणधर्मांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. उच्चारावरून ती ओळखू येतील. फाइलीत अर्थात ती रोमनमध्येच टाकायची.

आधी थोडं समजून घेऊ: कडा खरखरीत का दिसतात

फॉन्टमधलं अक्षर म्हणजे वक्ररेषांनी आखलेला आकार. स्क्रीन म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. आकाराची कड एखाद्या ठिपक्याच्या मधूनच गेली, तर त्या ठिपक्याने काळं व्हायचं की पांढरं? दोन्ही नको, मधला राखाडी घ्या, हा तोडगा म्हणजे अँटी-अलायझिंग. लांबून बघितलं की राखाडी ठिपके कडेत मिसळून जातात आणि डोळ्याला रेघ सलग वाटते.

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेलं क्लिअरटाइप याच्या पुढे गेलं. एलसीडीचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या सुट्या वापरल्या तर आडव्या दिशेने तिप्पट बारकावा मिळतो. रोमन लिपीत अक्षरांचा भार उभ्या दांड्यांवर असतो, त्यामुळे तिला याचा भरपूर फायदा झाला. आपले काने आणि दंडही सुधारले. पण शिरोरेषा आडवी आहे. तिची वरची आणि खालची कड उभ्या दिशेने मोजली जाते आणि त्या दिशेने क्लिअरटाइप काहीच वाढवून देत नव्हतं. जुन्या विंडोजवर मोठ्या मथळ्यांतल्या वेलांट्या आणि रफार जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसायचे ते याच कारणाने. विंडोज ७ सोबत डायरेक्टराइट ही अक्षरं रंगवण्याची नवी व्यवस्था आली आणि उभ्या दिशेनेही कडा मऊ झाल्या. क्रोमने ते २०१४ मध्ये, ३७व्या आवृत्तीपासून वापरायला सुरुवात केली.

आता हिशेब करा. समजा, एका फॉन्टमध्ये शिरोरेषेची जाडी एमच्या, म्हणजे फॉन्टच्या मापाच्या, ८ टक्के आहे. १६ पिक्सेलला ती भरते १.२८ पिक्सेल. नशीब चांगलं असेल तर एक ओळ पूर्ण काळी आणि तिला लागून एक फिकट ओळ. नशीब वाईट असेल तर ती दोन ओळींत निम्मी निम्मी वाटली जाते, ०.६४ आणि ०.६४. म्हणजे दोन करड्या ओळी आणि काळी एकही नाही. अख्ख्या परिच्छेदावर धूळ बसल्यासारखी वाटते. तीच शिरोरेषा दुप्पट घनतेच्या मोबाइलवर २.५६ ठिपक्यांची होते. एक-दोन ओळी हमखास पूर्ण काळ्या मिळतात आणि कडेचा करडेपणा कुणाच्या लक्षातही येत नाही. संपादकांचा लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा होता, म्हणजे इंचाला जेमतेम १०० ठिपके. २०१० साली आलेल्या आयफोन ४ वर ते ३२६ होते. सरकारी कार्यालयांत, शाळांत आणि घरच्या जुन्या लॅपटॉपांवर अजून शंभर-ठिपकेवाले स्क्रीन भरपूर आहेत आणि मराठी साइटचा बराच वाचकवर्ग तिथेच बसलेला असतो. म्हणून माझा नियम असा: देवनागरीत पहिल्यांदा शिरोरेषा बघायची, बाकीचं नंतर.

पायरी १: पानावर खरोखर कोणता फॉन्ट दिसतोय ते पकडा

ही पायरी गाळून लोक थेट स्टाइलशीटशी झटापट करतात. तसं करू नका. क्रोममध्ये मजकुरावर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, कम्प्युटेड टॅबच्या तळाशी जा. तिथे 'रेंडर्ड फॉन्ट्स' म्हणून यादी असते: कोणता फॉन्ट, त्याचे किती ग्लिफ (अक्षराकृती), तो नेटवरून आला की मशीनवरचाच आहे. फायरफॉक्समध्ये यासाठी इन्स्पेक्टरला वेगळं फॉन्ट्सचं पॅनल आहे.

दहापैकी बऱ्याच साइटींवर इथेच चोर सापडतो. विकत घेतलेल्या थीमचा, म्हणजे साइटच्या तयार साच्याचा, फॉन्ट लाटो, मोंटसेराट किंवा रोबोटो असतो. या तिघांतही देवनागरी नाही. मग ब्राउझर मुकाट्याने मशीनवरचा फॉन्ट उचलतो: विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी. जुन्या विंडोजवर मंगल. थीमने मथळ्याला ६०० वजन (अक्षराच्या जाडीचा आकडा: साधं ४००, ठळक ७००) मागितलेलं असतं, मशीनवरच्या फॉन्टात ते बहुतेकदा नसतं, आणि तिथून पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

तुमच्या स्वतःच्या मशीनवर साइटचा फॉन्ट बसवलेला असेल तर तपासणीपुरता तो काढून टाका. माझी फजिती तिथेच झाली होती.

तपासायला 'लोरेम इप्सम' हा नमुन्याचा लॅटिन मजकूर कामाचा नाही. मी एक बाष्कळ वाक्य बनवून ठेवलं आहे: "कऱ्हाडच्या शाळेतल्या दुसऱ्या वर्गात ॲल्युमिनियमच्या मूर्तींशेजारी बसून सर्वज्ञ क्षत्रिय विठ्ठलाला शुद्ध तुपातले लाडू ऑफर करतो." अर्थाकडे दुर्लक्ष करा. यात ऱ्ह आणि ऱ्य आहेत, रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर घेतलेलं 'र्तीं' आहे, ठ्ठ, द्ध, ज्ञ, क्ष आहेत, ल, श आणि ळ आहेत, ॲ आणि ऑ आहेत. फॉन्टचं कुठलंही दुखणं यातून लपून राहत नाही.

पायरी २: पानाला सांगा की ही मराठी आहे

एचटीएमएलच्या मुख्य टॅगवर लँग हा गुणधर्म 'एमआर' असा लिहा. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी केली की बहुतेक थीम ते आपोआप लिहितात. थीमच्या कृपेने इंग्रजी किंवा हिंदीची खूण राहिली असेल तर बदला.

कारण असं की, मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णलेखनविषयक निर्णयातही हे मराठी वळण नेमून दिलेलं आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि भाषेची खूण वाचून फॉन्ट योग्य ते उचलतो. नोटो सान्स देवनागरीत हे होतं. तिरो देवनागरीने तर मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे संचच काढले आहेत. गुळगुळीतपणाशी याचा थेट संबंध नाही, हे कबूल. पण परक्या वळणाचा ल दर ओळीत चार-पाच वेळा आला की मराठी वाचक अडखळतो आणि "काहीतरी खटकतंय" म्हणून फोन करतो. फोन टाळायचे असतील तर हे एका मिनिटाचं काम आहे.

पायरी ३: फॉन्ट आणि त्याची वजनं निवडा

मजकुराला मी बहुतेकदा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट घेतो. २०० ते ८०० अशी सात वजनं त्यात खरोखर रेखलेली आहेत. हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी हेही भरवशाचे. लांबलचक कथा-लेखांसाठी तिरो देवनागरी मराठी छान, पण त्यातले बारीक फटकारे शंभर-ठिपकेवाल्या स्क्रीनवर विरून जातात. तो घ्यायचा तर १९-२० पिक्सेलच्या खाली नको. मथळ्यांना बलू २ चालतो. परिच्छेदाला तो लावणं म्हणजे रोजच्या जेवणात श्रीखंड.

वजनांबाबत मात्र कंजूष आणि काटेकोर राहा. तुम्ही ४०० आणि ७०० एवढीच दोन वजनं चढवलीत आणि स्टाइलशीटमध्ये ६०० मागितलंत, तर ब्राउझर ७०० देतो, ते ठीक. पण फक्त ४०० चढवून ७०० मागितलंत की तो अक्षराची कड फुगवून खोटं ठळक तयार करतो. रोमनमध्ये ते खपून जातं. देवनागरीत ष, क्ष, श्र, ठ्ठ यांच्या पोटातली पांढरी जागा मुळातच तुटपुंजी, ती बुजते. संपादकांना जी शाई साचलेली दिसली, ती हीच. उपाय सोपा आहे: फॉन्ट-सिंथेसिस हा गुणधर्म 'नन' करून टाका. मग खोटं ठळक बनणारच नाही आणि कुठे वजन कमी पडतंय ते तुम्हाला लगेच दिसेल.

तिरप्या अक्षरांचंही तेच. देवनागरीत इटॅलिकची स्वतंत्र परंपरा नाही, त्यामुळे ब्राउझर अक्षर नुसतं कलतं करतो. उभा काना तिरका झाला की त्याच्या कडेवर राखाडी ठिपक्यांचा जिना तयार होतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरात घुसते. पुस्तकाचं नाव वेगळं काढायचं आहे? एकेरी अवतरणचिन्ह द्या, किंवा वजन थोडं वाढवा. आपल्या छापखान्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं.

पायरी ४: फॉन्ट वाचकापर्यंत नीट पोचवा

जुन्या लोकांना आठवत असेल, २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइटी 'डायनॅमिक फॉन्ट'वर चालायच्या. इंटरनेट एक्स्प्लोररला एक फाइल, नेटस्केपला दुसरी, आणि दोन्ही नसेल तर पानभर चिन्हांची रांगोळी. आता यूनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक) आणि वोफ२ (वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्टची फाइल) यांनी ते दुखणं संपवलं आहे. वोफ२ ही फाइल जुन्या वोफपेक्षा साधारण ३० टक्के लहान होते, आणि देवनागरीला ते हवंच, कारण जोडाक्षरांमुळे आपल्या फॉन्टमध्ये शेकडो जादा आकार भरलेले असतात.

आकार कमी करायला फॉन्टची कापणी, म्हणजे सबसेटिंग करतात. इथे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा: फक्त ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा ठेवून बाकी उडवणं. त्यात झीरो-विड्थ जॉइनर (२००डी) आणि नॉन-जॉइनर (२००सी) ही अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं नाहीत. काही कळफलक 'दुसऱ्या'मधला अर्धा र हा जॉइनर वापरून लिहितात. तो फॉन्टमध्ये नसला तर शब्द मधेच दुसऱ्या फॉन्टात उडी मारू शकतो किंवा 'ऱ्या'चा 'र्या' होऊ शकतो. रुपयाचं चिन्ह (२०बी९) याच कारणाने अनाथ होतं. शिवाय आपण पूर्णविराम, स्वल्पविराम आणि शब्दांमधली रिकामी जागा रोमन पट्ट्यातूनच घेतो. हिंदीसारखा दंड वापरत नाही. म्हणून त्याच फॉन्टचा रोमन भागही सोबत पाठवा. नाहीतर प्रत्येक वाक्याचा शेवट परक्या फॉन्टातल्या टिंबाने होईल आणि शब्दांमधलं अंतरही परकंच असेल.

दुसरा खड्डा: फुकटचे ऑनलाइन कन्व्हर्टर. काही कन्व्हर्टर फाइल लहान करताना जोडाक्षरांचे नियम असलेले तक्तेच फेकून देतात. मग 'विठ्ठल'चा ठ हलंत घेऊन उभा राहतो. फॉन्टटूल्समधलं पायएफटीसबसेट हे कापणीचं साधन वापरलं तर हा धोका राहत नाही. कापल्यावर वरचं बाष्कळ वाक्य एकदा लावून बघायचंच.

पान उघडताना आधी मशीनवरचा फॉन्ट दिसतो आणि मग आपला येऊन सगळ्या ओळी हलतात, तो धक्काही वाचकाला खरखरीतच वाटतो. फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवा, मुख्य वजनाची फाइल प्रीलोड करा, म्हणजे आधीच मागवा (सोबत क्रॉसओरिजिन लिहायला विसरू नका, नाहीतर फाइल दोनदा उतरते), आणि पर्यायी फॉन्टला साइझ-ॲडजस्ट व असेंट-ओव्हरराइड देऊन त्याची मापं आपल्या फॉन्टच्या जवळ आणा. निर्मला यूआय आणि मुक्त यांचे आकडे जुळवायला मला एक दुपार लागली होती. एकदा जुळले की पुढच्या साइटींना तेच चालतात.

पायरी ५: लेटर-स्पेसिंग शून्य

यावर वेगळी पायरी खर्च करतोय, कारण तुटक्या शिरोरेषेचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. इंग्रजी थीमा मथळ्यांना आणि मेन्यूला अर्धा-एक पिक्सेल लेटर-स्पेसिंग सर्रास देतात. रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींत किंचित घुसलेल्या असतात, म्हणून त्या जोडलेल्या दिसतात. त्यांच्यामध्ये जागा सोडली की रेघ तुटते. ०.३ पिक्सेलसारखं लहान अंतर चांगल्या स्क्रीनवर झाकून जातं आणि शंभर-ठिपकेवाल्यावर प्रत्येक जोडावर फिकट खाच पडते. तीच ती उंदराची कुरतड.

स्टाइलशीटमध्ये लेटर-स्पेसिंग शोधा आणि मराठी मजकुरावर सगळीकडे 'नॉर्मल' करा. बटणं, मेन्यू, फॉर्मची लेबलं, छायाचित्राखालच्या ओळी हे कोपरे हमखास सुटतात. उणे अंतरही नको, त्याने काना मागच्या अक्षराला धडकतो. मोकळेपणा हवा असेल तर वर्ड-स्पेसिंग थोडं वाढवा.

पायरी ६: उंची, माप, अधोरेखा

परिच्छेदाला मी १८ पिक्सेलपासून सुरुवात करतो. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर एक मजला आणि पायाखाली एक मजला असतो, त्यामुळे मूळ अक्षराला मिळणारी उंची तुटपुंजी. इंग्रजीचं १६ आपल्याला १४ सारखं भासतं. ओळीची उंची परिच्छेदाला १.६ ते १.८ आणि मथळ्याला १.३ च्या खाली नाही. इंग्रजी थीमा मथळ्याला १.१ देतात आणि बऱ्याचदा त्याच डब्याला, म्हणजे मथळ्याच्या चौकटीला, ओव्हरफ्लो 'हिडन' असतं: बाहेर आलेलं कापलं जातं. मग वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफाराला भेटतो, किंवा 'मूर्तीं'वरचा अनुस्वार कापला जातो. रंगछटा भरलेली मथळ्याची अक्षरं बनवायला बॅकग्राउंड-क्लिप वापरला असेल तर हेच होतं. डब्याला वर-खाली ०.२ एम पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या म्हणजे सुटका.

लिंकांची अधोरेखा 'कुसुम' किंवा 'तृप्ती'च्या पायातून जाऊ नये म्हणून टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ एमच्या आसपास ठेवा. दोन्ही कडा जुळवणारी जुळणी मोबाइलवर टाळा. आपले शब्द लांब, रकाना अरुंद, मधे नुसत्या फटी पडतात.

पायरी ७: रंग

सौम्य राखाडी मजकुराची फॅशन शिरोरेषेला मारक आहे. रेघेची कड आधीच करडी. मूळ रंगही करडा असला की काहीच उरत नाही. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंगसंकेताचा राखाडी ४.५:१ ही सुगम्यतेची किमान उठावाची मर्यादा जेमतेम ओलांडतो. रोमनसाठी ती सीमा असेल. देवनागरी परिच्छेदासाठी मी ३३३३३३ पेक्षा फिकट जात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. राखाडी बनवायला काळा रंग अर्धवट पारदर्शक केला, तर काही ब्राउझरांत शब्दाच्या शिरोरेषेवर ठिपके-ठिपके दिसतात. प्रत्येक अक्षर वेगळं रंगवलं जातं आणि दोन शिरोरेषा एकमेकींत घुसतात तिथे रंग दोनदा चढतो. मथळ्याच्या मोठ्या आकारात ते अगदी मण्यांची माळ ओवल्यासारखं दिसतं. रंग अपारदर्शकच द्या. नुसती बाह्यरेषा काढलेली पोकळ अक्षरं मराठी मथळ्याला देऊ नयेत, तेही याच कारणाने: प्रत्येक जोड उघडा पडतो.

डार्क मोडमध्ये उलटं होतं. काळ्यावरचं पांढरं अक्षर फुगून जाड दिसतं. शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित मळका पांढरा घ्या आणि फॉन्टला वजन असेल तर ४०० ऐवजी ३०० लावून पाहा. मुक्तमध्ये ते बरं दिसतं.

पायरी ८: तो प्रसिद्ध गुणधर्म

'अक्षरं गुळगुळीत कशी करायची' असं शोधलं की पहिलं उत्तर येतं: वेबकिट-फॉन्ट-स्मूदिंग 'अँटीअलायझ्ड' करा, आणि फायरफॉक्ससाठी मोझ-ओएसएक्स-फॉन्ट-स्मूदिंग 'ग्रेस्केल'. लोक या दोन ओळी तावीज बांधल्यासारख्या प्रत्येक साइटला बांधतात. त्या चालतात फक्त मॅकवर. विंडोज आणि अँड्रॉइड त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. संपादकांच्या लॅपटॉपवर त्यांचा परिणाम शून्य.

मॅकवर नेमकं काय होतं? मॅक अक्षरं स्वतःहून किंचित जाड करतो. या ओळींनी ते जाड करणं थांबतं आणि अक्षर डिझायनरने रेखलं तितकंच बारीक दिसतं. ठिपक्यांच्या तीन पट्ट्या सुट्या वापरणं तर मॅकने २०१८ च्या मोहावीपासून मुळातच बंद केलं आहे. तेव्हा माझा सल्ला: गडद पार्श्वभूमीवरच्या फिक्या अक्षरांना हे लावा, तिथे फुगवटा कमी होतो. पांढऱ्यावरच्या बारीक मराठी मजकुराला लावू नका, शिरोरेषा आणखी अशक्त होते.

टेक्स्ट-रेंडरिंग 'ऑप्टिमाइझलेजिबिलिटी'नेही मराठीत काही साधत नाही. जोडाक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर तसंही करतोच. आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीचे जुगाड, म्हणजे मजकूर ०.०३ अंशाने फिरवणं, अर्ध्या पिक्सेलची बाह्यरेषा चढवणं, एक पिक्सेलची धूसर सावली देणं, हे विंडोजवरच्या जुन्या क्रोमसाठी होते. अजून कुठे शिल्लक असतील तर काढून टाका. आता ते फक्त अक्षर धूसर करतात.

पायरी ९: हलणारा मजकूर

हळूच वर सरकत येणारे परिच्छेद, माउस नेल्यावर फुगणारी कार्डं. ब्राउझर असा मजकूर वेगळ्या थरावर रंगवतो आणि तो थर चित्रासारखा हलवतो. थर पारदर्शक असला तर क्लिअरटाइप बंद पडतं. विल-चेंज (हे हलणार आहे, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) लावून ठेवलेला मजकूर मोठा केला तर लहान मापाला रंगवलेलं चित्रच ताणलं जातं. डबा मधोमध आणायला उणे ५० टक्के सरकवला आणि उंची विषम असली, तर सगळा मजकूर अर्ध्या पिक्सेलवर अडकतो. आपल्या बाबतीत याचा अर्थ शिरोरेषा दोन ओळींत निम्मी निम्मी. मधोमध आणायला स्टाइलशीटमधली फ्लेक्स किंवा ग्रिड मांडणी वापरा, विल-चेंज मजकुरावरून काढा. मजकूर हलवायचाच कशाला, हा माझा खासगी प्रश्न.

पायरी १०: चित्रातलं मराठी

कवितेच्या ओळी किंवा कार्यक्रमपत्रिका जेपेगमध्ये टाकली की अक्षरांभोवती मुंग्या लागल्यासारख्या दिसतात. जेपेग छायाचित्रांसाठी आहे. काळ्या-पांढऱ्याची तीव्र कड त्याला झेपत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत तर दोनदा-तीनदा पिळलेली असते. जमेल तिथे खरा मजकूर लिहा. बोधचिन्हासाठी एसव्हीजी (रेषांनी आखलेलं चित्र), त्यातल्या अक्षरांच्या बाह्यरेषा करून. चित्रच हवं असेल तर पीएनजी किंवा वेबपी, दिसण्याच्या दुप्पट मापाचं. आलेख कॅनव्हासवर काढत असाल तर कॅनव्हासचं माप डिव्हाइस-पिक्सेल-रेशोने (एका पिक्सेलमागे स्क्रीनचे किती ठिपके, त्या आकड्याने) गुणा, नाहीतर मोबाइलवर फक्त आलेखातलीच अक्षरं धूसर दिसतात.

पायरी ११: जुन्या मजकुराची साफसफाई

'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या आणि सवयीने नंतरच्याही लेखांत लोकांनी 'अ' टाइप करून त्यावर चंद्र चढवला आहे. आजचे ब्राउझर ही जोडी चुकीची मानतात आणि मधे तुटक रेषेचं वर्तुळ दाखवतात. 'ॲड.' आणि 'ॲप' या शब्दांपाशी ती वर्तुळं तुम्ही नक्की पाहिली असतील. हा दोष फॉन्टचा नाही, डेटाचा आहे. डेटाबेसमध्ये दोन अक्षरांच्या जोडीच्या जागी एकच 'ॲ' टाका. आधी बॅकअप घ्या, हे सांगायला नको, तरी सांगतो.

शेवटची तपासणी

तीन यंत्रं पुरतात: एखादा जुना १३६६ बाय ७६८ चा विंडोज लॅपटॉप, एक स्वस्त अँड्रॉइड, आणि मिळाला तर मॅक. लॅपटॉपवर झूम ९०, १००, ११० आणि १२५ टक्क्यांना बघा. विंडोजचं स्केलिंग १२५ असलेली मशीनं पुष्कळ आहेत आणि तिथे पिक्सेलचे सगळे हिशेब अपूर्णांकात जातात. स्क्रीनशॉट घेऊन पेंटमध्ये मोठा करा. कडांना लाल-निळी झाक दिसली तर क्लिअरटाइप चालू आहे. नुसता राखाडी असेल तर ते बंद आहे किंवा थराने घालवलं आहे. मग शिरोरेषेवरून बोट फिरवल्यासारखी नजर न्या. एक तरी ओळ पूर्ण गडद आहे का? प्रत्येक जोडावर ती सलग आहे का? गडद ओळ सापडत नसेल तर फॉन्टचं माप १ पिक्सेलने वर-खाली करून पाहा, किंवा ४०० ऐवजी ५०० वजन. फॉन्टमध्ये हिंटिंग, म्हणजे रेघ ठिपक्याला चिकटवून बसवण्याच्या सूचना असतील, तर विंडोजवर ही अडचण कमी येते. मुक्तस्रोत फॉन्टला त्या टीटीएफऑटोहिंट या साधनाने घालता येतात आणि ते देवनागरीही हाताळतं. मॅक या सूचना पाळतच नाही, पण मॅकचे स्क्रीन दाट ठिपक्यांचे असतात, त्याचं तिथे अडत नाही.

संपादकांच्या अंकाला या सगळ्यात मिळून दीड दिवस गेला. त्यातला अर्धा दिवस पहिल्या पायरीत. काम झाल्यावर मी त्यांना लिंक पाठवली. तासाभराने फोन आला: पान बावीसवर 'आशीर्वाद' ऱ्हस्व शि घालून छापलाय, तो दुरुस्त करा.